पिवळ्या रानफुलांचा ओळख-संच: सोनकी, सोनकडी आणि बाकीची मंडळी (प्रकल्प नोंदी)

१० सप्टेंबर २०२४

काम काय आहे ते आधी. जावळी तालुक्यातल्या एका शाळेला सूर्यफुलाच्या कुळातल्या पिवळ्या रानफुलांचा संच करून द्यायचाय. वाळवलेले नमुने, बिया, एक भिंग आणि मुलांना मोठ्यांच्या मदतीशिवाय चालवता येईल असा प्रश्नांचा तक्ता, एवढं त्यात असेल. गणपतीपासून दिवाळीपर्यंत आमच्याकडे डोंगरावर पिवळं काही दिसलं की ती सोनकीच. व्हॉट्सअ‍ॅपवर सोनकीच्या नावाने जे फोटो फिरतात त्यांत बरेच कवळ्याचे असतात. कवळा डाळींच्या कुळातला, त्याचा इथे संबंध नाही. पण खरी गंमत त्याच्या पुढे आहे, कारण सोनकीच्याच कुळातली आणि लांबून तशीच दिसणारी फुलं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असतात.

पहिली यादी: सोनकी, सोनकडी, कारळा, बिडेन्स, पिवळा कॉसमॉस, पाथरी, म्हातारा, पिवळा माका आणि नर्सरीवाले ज्याला वेडेलिया म्हणून विकतात तो. एकदांडी घ्यायची की नाही यावर वाद झाला. तिच्या पाकळ्या धड पांढऱ्या नाहीत, धड पिवळ्या नाहीत. घेतली, कारण ती शाळेच्या दारातच आहे.

कासच्या पठारावरून पानसुद्धा तोडायचं नाही हे सुरुवातीलाच ठरलं. ते राखीव वन आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. शिवाय गरजही नाही. यादीतलं सगळं यवतेश्वरच्या रस्त्याकडेला, केळघर घाटाच्या पायथ्याशी, बांधांवर आणि शाळेच्या आवारात मिळतं. ज्याचं रान त्याला विचारून घ्यायचं.

खर्च: दहा पट भिंग ३२० रुपये, टीपकागद १८० रुपये. प्लायवूडचे तुकडे आणि बांधायचे पट्टे घरचे.

१५ सप्टेंबर

सातवीच्या मुलांना घेऊन पहिली फेरी. मी तक्ता करून नेला होता, त्यातला पहिलाच प्रश्न होता 'कडेच्या पाकळ्या किती?' वाटलं, मोजायला सगळ्यात सोपं तेच.

तक्ता तिथेच फसला. सोनकीच्या एकाच झाडावरच्या दोन फुलांत पाकळ्यांचा आकडा जुळेना. पावसाने काही पाकळ्या झडलेल्या, काही किड्यांनी खाल्लेल्या. कारळ्याला आठ असतात हे बरोबर, पण कॉसमॉसलाही बहुतेक वेळा आठच. म्हणजे जिथे आकडा नेमका मिळतो तिथेच तो दोघांना लागू पडतो. पाकळीच्या रंगाची छटा हाही प्रश्न होता, तोही काढला. ढगाळ उजेडात सगळं सारखंच पिवळं, आणि फोनच्या कॅमेऱ्यात त्याहून सारखं.

चालला तो एकच प्रश्न, जो मी शेवटी टाकला होता: पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? कारळा, बिडेन्स, कॉसमॉस, पिवळा माका, वेडेलिया, एकदांडी यांची पानं समोरासमोर. सोनकी, सोनकडी, म्हातारा यांची एकाआड एक. पाथरीची पानं बहुतेक जमिनीलगत गोल पसरलेली. एका प्रश्नात यादीचे दोन ढीग झाले. फक्त एक सांभाळायचं. फुलाच्या अगदी जवळची वरची पानं बघायची नाहीत. समोरासमोर पानं असणाऱ्या काही झाडांनाही शेंड्याकडे एकाआड एक पानं येतात. खोडाच्या मधल्या भागातली पानं बघायची.

२० सप्टेंबर

गणपती उठले. दाब, म्हणजे प्लायवूडमध्ये पट्ट्यांनी आवळून वाळत ठेवलेला नमुन्यांचा गठ्ठा, उघडला तर सहा-सात नमुन्यांवर पांढरी बुरशी. पानं ठीक होती, बुरशी फुलांच्या आत. या कुळातलं फूल वरून पातळ दिसत असलं तरी बुडाशी मांसल असतं आणि मधल्या चकतीत पाणी धरून ठेवतं. आपण दाबतो वरून, ओल राहते आत. दोन दिवसांनी कागद बदलायची माझी सवय उन्हाळ्यातली आहे, साताऱ्याच्या सप्टेंबरात ती चालत नाही.

आता असं करतोय: पहिले तीन दिवस रोज सकाळ-संध्याकाळ कागद बदलायचे. प्रत्येक नमुन्यातलं एक फूल ब्लेडने उभं अर्धं कापून कापलेली बाजू कागदावर ठेवायची, म्हणजे ते लवकर वाळतं आणि आतली रचनाही दिसते. एक फूल उलटं ठेवायचं. हे का, ते पुढे येईल.

वर्तमानपत्राचा रंगीत पुरवणीचा कागद वापरू नये. गुळगुळीत असतो, ओल शोषत नाही.

२७ सप्टेंबर

तीन दिवस पाऊस थांबलेला नाही. बाहेर जाणं बंद. टीपकागद वाळवायला इस्त्री वापरली, मग शेजारच्यांकडचा जुना शंभर वॅटचा बल्ब लावून पत्र्याच्या डब्यावर दाब उभा केला. अंतर फुटभर तरी हवं. एकदा जवळ झालं तर पानं तपकिरी पडली, ती टाकून दिली.

पाथरीने वेगळाच ताप दिला. पूर्ण उमललेली पिवळी फुलं दाबली होती. चौथ्या दिवशी कागद उचलला तर पिवळं गेलेलं आणि त्या जागी पांढरे केस, अर्धे कागदाला चिकटलेले, अर्धे उडून खोलीभर. तोडल्यावरही फुलं दाबातच पिकत राहिली. म्हातारा पण हेच करणार, दोघांचा स्वभाव एक. उपाय: फुलं तोडल्यावर देठासकट उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवायची, फडक्यावर टिपायची आणि मग दाबायची. रंग थोडा उतरतो, पण फूल फूलच राहतं. कळ्या वेगळ्या दाबाव्यात, त्या कमी त्रास देतात.

पाथरी आणायला गेलो तेव्हा बांधावरच्या मावशींनी माझ्या हातातली जुडी बघून दोन काड्या बाजूला काढल्या. "ह्यो म्हातारा हाय, पाथरी न्हवं. पाथरी अशी वर जात न्हाई, भुईला धरून ऱ्हाती." पुस्तकातला फरक तोच आहे. पाथरीला जमिनीवर सरपटत जाणारे धुमारे फुटतात, ते मुळं धरतात आणि तिथे नवं झाड होतं. म्हातारा सरळ उभा वाढतो, खोड पोकळ, खोडावर पानं. दोघांनाही मोडलं की पांढरा चीक येतो, आणि दोघांच्या फुलात मधली चकती नसते, सगळ्याच पाकळ्या. त्यामुळे तक्त्यातला दुसरा प्रश्न आता असा आहे: देठ मोडल्यावर पांढरा चीक येतो का?

५ ऑक्टोबर

आजची नोंद लांबणार आहे, कारण कामाला खरी दिशा आज सापडली.

राहिला होता तो मूळ घोळ, सोनकी आणि सोनकडीचा. दोन्हींची पानं एकाआड एक, दोन्हींना चीक नाही, दोन्हींना पिवळ्या पाकळ्या आणि पिवळीच चकती, दोन्ही एकाच वेळी फुलतात. सोनकी ओलसर उतारांवर, दगडी बांधांवर, घाटातल्या कड्यांवर जास्त दिसते. सोनकडी कोरड्या माळावर आणि शेताच्या कडेला. पण घाटाच्या पायथ्याशी दोन्ही शेजारी उभ्या असतात, तिथे जागेवरून ठरवता येत नाही. सोनकडीच्या पाकळ्या अरुंद असतात, तिची फुलं बारीक लांब देठांवर सुटी सुटी येतात. पण अरुंद म्हणजे किती, हे दोन्ही हातात असल्याशिवाय मुलांना कसं सांगणार?

फूल उलटं केलं की प्रश्नच मिटतो. फुलाच्या बुडाशी जी हिरवी छदं, म्हणजे पाकळ्यांना खालून धरणारी बारीक पानं, असतात त्यांच्याकडे बघायचं.

सोनकीची छदं एकाच रांगेत, सारख्या उंचीची, कडेला कडा लावून उभी. बुडाशी मोजून दोन-चार अगदी बारीक छदं सुटी चिकटलेली, ती सोडली तर बाकी सगळी एका मापाची. भिंगाचीही गरज नाही, नखाने देठ धरून फूल आडवं केलं की दिसतं.

सोनकडीची छदं बारीक, टोकदार, अनेक रांगांत. बाहेरची आखूड, आतली लांब, कौलांसारखी एकावर एक चढलेली. बोट खालून वर फिरवलं तर गुळगुळीत लागतं, वरून खाली फिरवलं तर टोकं अडतात. ही शेवटची खूण एका मुलीने काढली, मी नाही. तक्त्यात तशीच घातली आहे.

मग सगळीच फुलं उलटी केली. कॉसमॉसची छदं दोन तऱ्हेची. बाहेर आठ अरुंद हिरवी, आत आठ रुंद, पातळ, पिवळसर. बिडेन्सचंही तसंच, बाहेरची हिरवी, आतली पातळ पापुद्र्याची. कारळ्याला बाहेरून पाचेक रुंद, पानासारखी हिरवी छदं असतात. ती इतकी ठसठशीत की कारळा आता मुलं उलटा न करताही कळीवरूनच ओळखतात.

कारळा यादीत का, असं एका सरांनी विचारलं, ते तर पीक आहे. बरोबर आहे. पण खरीपात कारळं पेरलेल्या शेताच्या कडेने ते सांडतं आणि पुढच्या वर्षी रस्त्याच्या कडेला उगवतं. पर्यटक गाडी थांबवून त्यात उभे राहून 'सोनकीत' फोटो काढतात. चटणी आपण खातो ती ज्याची, तेच हे.

ज्यांना असाच संच करायचाय त्यांना एकच सांगतो. वरून काढलेले फोटो टाकून द्या. माझ्याकडे सप्टेंबरातले ढीगभर फोटो आहेत, सगळे वरून, सुरेख, आणि ओळखायच्या कामी शून्य. प्रत्येक झाडाचे तीन फोटो लागतात: उलटं फूल, खोडाचं मधलं पान, आणि पूर्ण झाड जमिनीपर्यंत. फूल समोरून शेवटी, हौस म्हणून.

११ ऑक्टोबर

उद्या दसरा. झेंडू ढिगाने, आणि तोही याच कुळातला. मुलांना कापाकापीचा सराव द्यायला याहून स्वस्त काही नाही. झेंडूची छदं एकमेकांना जुळून एकसंध झालेली असतात. ती सुटी करता येत नाहीत, फाडावीच लागतात. हे बघितल्यावर 'छदं किती रांगांत आणि सुटी की जुळलेली' हा प्रश्न समजावायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. झेंडू संचात ठेवणार नाही, पण तक्ता वापरण्याआधीचा सराव म्हणून सूचनेत लिहिला आहे.

दुपारी पिवळा माका आणि वेडेलिया यांची जोडी. दोन्ही जमिनीवर पसरतात, दोन्ही सांध्यांना मुळं धरतात, फुलंही जवळपास तशीच. वेडेलिया मूळचा उष्ण कटिबंधीय अमेरिकेतला, बागेत जमीन झाकायला लावतात, तिथून ओढ्यात उतरतो. त्याच्या पानाला दोन्ही बाजूंना एकेक खांदा असतो, म्हणजे पान तीन टोकांचं होतं. पिवळ्या माक्याचं पान साधं, लांबट. ही जोडी एवढ्यावर सुटते, फूल बघायची गरज नाही. मात्र सावलीतल्या वेडेलियाची काही पानं खांदे न धरता येतात, म्हणून एका फांदीवरची चार पानं बघायची.

एका रोपवाटिकेने हाच वेडेलिया 'भृंगराज' म्हणून शाळेच्या औषधी बागेत दिला होता. काढून टाकायला सांगितलं. अजून आहे.

१९ ऑक्टोबर

चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. नमुन्याचा कागद साडेसोळा बाय साडेअकरा इंच, चिठ्ठी उजवीकडे खाली.

सोनकीच्या नावापाशी अडलो. थिओडोर कूक यांच्या मुंबई इलाख्याच्या जुन्या ग्रंथात (१९०१ ते १९०८) शोधायचं तर ती सेनेशियो ग्राहमी या नावाखाली सापडते. आताचं नाव सेनेशियो बॉम्बेयेन्सिस. दोन्ही एकच. सोनकडीचंही तसंच, जुन्या पुस्तकांत विकोआ, नंतरच्या पुस्तकांत पेंटानेमा इंडिकम. चिठ्ठीवर नवं नाव वर आणि जुनं कंसात लिहिलं, नाहीतर शाळेच्या ग्रंथालयातलं पुस्तक आणि संच एकमेकांशी बोलणारच नाहीत.

सेनेशियोत सोनकी एकटी नाही. सह्याद्रीत तिची भावंडं आहेत: एजवर्थी, डालझेली, बेळगावमेन्सिस. त्यांतल्या एजवर्थीच्या अंगावर कापसासारखी पांढरी लव असते, तेवढी खूण मुलांना पुरते. भावंडं एकमेकांपासून वेगळी करायला पिकलेल्या बिया लागतात, आणि शाळेच्या संचाला ती खोली नको असं आम्ही ठरवलं. ज्या नमुन्यावर शंका आहे तिथे नुसतं 'सेनेशियो' लिहायचं. शाळेतल्या मॅडमना हे आवडलं नाही, त्यांना प्रत्येक कागदावर पूर्ण नाव हवं होतं. मी अडून बसलो. चुकीचं पूर्ण नाव पुढची वीस वर्षं भिंतीवर राहतं.

८ नोव्हेंबर

बियांसाठी निवडलेल्या झाडांना लाल दोरे बांधून ठेवले होते. दिवाळी झाली, गवत कापणीला सुरुवात झाली, दोऱ्यांसकट सगळं पेंढ्यांत गेलं. मालकाची परवानगी फुलांची होती, गवत न कापण्याची नव्हती. गेले ते आठवडे गेले. आता बांधाच्या दगडांत आणि काटेरी कुंपणाच्या आतली झाडं निवडतोय, जिथे विळा पोचत नाही. आणि फुलावर पातळ मलमलीची पुरचुंडी बांधतोय. ती नसेल तर सोनकीची बी पिकल्याच्या दिवशीच वाऱ्यावर जाते. पुरचुंडी फार लवकर बांधली तर आत ओल धरते. पाकळ्या वाळून चिकटल्या की बांधायची.

बिया हाताशी आल्यावर तक्त्यातली जी ओळख अजून कच्ची वाटत होती ती पक्की झाली.

सोनकीच्या मधल्या चकतीतल्या बियांना पांढऱ्या मऊ केसांचा तुरा. सोनकडीच्या मधल्या बियांनाही तुरा, पण कडेच्या, म्हणजे पाकळ्यांच्या बुडातल्या बियांना नाही. एकदांडीचा तुरा भिंगाखाली बघण्यासारखा, प्रत्येक केसाला पिसासारखे बारीक फाटे. कारळ्याला काहीच नाही, नुसती काळी, चकचकीत बी. बिडेन्सची बी लांब, काळसर, टोकाला तीन-चार ताठ काटे आणि त्या काट्यांवर उलटे आकडे. मोज्यातून काढताना ते कळतात. कॉसमॉसची बी लांब आणि टोकाला चोचीसारखी निमुळती. चोच हा शब्द सरळ पुस्तकातलाच.

बिडेन्स आणि कॉसमॉस कच्च्या अवस्थेत सारखेच गोंधळात टाकतात, दोघांची पानं फाटलेली. कॉसमॉसचं पान जास्त बारीक, दोनदा चिरलेलं. बिडेन्सच्या पानाला दातेरी कडेच्या स्वतंत्र पत्रिका, म्हणजे एकाच पानाची सुटी छोटी पानं. शंका आली तर बी बघायची, तिथे शंका उरत नाही.

कॉसमॉसबद्दल एक सूचना. झाड मेक्सिकोचं, बागेतून सुटलेलं, आता घाटाच्या कडेने पिवळ्या-नारिंगी पट्ट्यांनी दिसतं. ते बी मुलांच्या हातात मोकळं द्यायचं नाही. संचात ठेवायच्या बिया आधी तव्यावर भाजून घेतल्या. आकार तसाच राहतो, उगवत नाहीत. उरलेल्या चुलीत.

२४ नोव्हेंबर

निवडणुकीच्या ड्युटीमुळे शाळेतलं कोणीच गेले दोन आठवडे मोकळं नव्हतं. आज एकत्र बसून संच जुळवला.

लॅमिनेशन फसलं. नमुन्याशेजारी बिया ठेवून कागद यंत्रातून काढला तर बियांच्या जागी फुगवटे, कडेने हवा शिरलेली आणि सोनकीचा तुरा चेपून पुसट डाग. दुकानदाराने तीन कागदांचे १५० रुपये घेतलेच. आता नमुने कोऱ्या कागदावर दोऱ्याने आणि गोंदाच्या पट्ट्यांनी लावलेत आणि वर नुसतं पारदर्शक आवरण सरकवलंय. बिया छोट्या झिपच्या पिशव्यांत, ज्या सोनाराकडे मिळतात. शंभर पिशव्या ६० रुपये. पिशवी कागदाला टाचणीने लावू नका, गंजते. चिकटवा.

किडीसाठी सगळा गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवला. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. नाहीतर कागदांवर पाणी सुटतं आणि सप्टेंबरातली बुरशी परत हजर. नॅप्थलीनच्या गोळ्या टाकल्या नाहीत, मुलं हाताळणार आहेत.

तक्त्याची आताची क्रमवारी: चीक येतो का, पानं समोरासमोर की एकाआड एक, फूल उलटं करून छदं कशी, शेवटी बी. पाकळ्यांवर एकही प्रश्न नाही. सातवीच्या दोन गटांनी मिळून चालवून बघितला. सोनकी-सोनकडी कोणी चुकलं नाही. चुकले ते एकदांडीवर, कारण तिच्या पाकळ्या पाहून मुलांनी ती पिवळ्यांत धरलीच नाही आणि तक्ता सुरूच केला नाही. तक्त्याच्या वर आता 'फिकट पिवळ्या, मळकट पांढऱ्या पाकळ्याही चालतील' अशी ओळ जोडली.

एकूण खर्च, वाया गेलेलं धरून, १,३४० रुपये. त्यात सगळ्यात उपयोगी पडलं ते भिंग, आणि सगळ्यात वाया गेलं ते लॅमिनेशन.

१२ जानेवारी २०२५

म्हाताऱ्याचे दोन प्रकार राहिले होते, ते पाणी दिलेल्या कांद्याच्या वाफ्यांत आत्ता भरपूर मिळाले. सोन्कस ओलेरेसियस आणि सोन्कस ॲस्पर. दोघांचंही पान खोडाला जिथे मिठी मारतं तिथे कान असतात. ओलेरेसियसचे कान टोकदार, ॲस्परचे गोल वळलेले, आणि ॲस्परच्या पानाची कड जास्त काटेरी. कोवळ्या झाडावर कान नीट दिसत नाहीत, म्हणून बी घ्यावी. ओलेरेसियसच्या बीवर आडव्या सुरकुत्या, ॲस्परची गुळगुळीत, नुसत्या उभ्या शिरा. दहा पट भिंगात सुरकुत्या स्पष्ट दिसतात, पण बी कोरडी हवी आणि उजेड बाजूने हवा. वरून उजेड पडला तर दोन्ही गुळगुळीत वाटतात. बॅटरी आडवी धरा.

नमुने उकळत्या पाण्यातून काढून दाबले आहेत, अजून एकही पांढरा झालेला नाही. दोन्हींच्या बिया भरल्या. सोनकडीची पिशवी मुलांनी इतक्यांदा उघडली की अर्धी रिकामी आहे, ती कोरड्या माळावर अजून काही झाडं उभी आहेत तोवर परत भरून घ्यायची आहे.